यादीतली कोरी ओळ

अप्पा,

आज सकाळपासून मी एका यंत्राशी भांडते आहे आणि त्याच्या जोडीला तुमच्याशी. तुम्हाला जाऊन पन्नासच्या वर वर्षं झाली, तेव्हा तुम्ही उत्तर देणार नाही हे ठाऊक आहे. हयात असतानाही कुठे देत होतात म्हणा. चष्मा काढायचा, सदऱ्याच्या टोकाने पुसायचा, परत लावायचा, आणि समोरचं माणूस दमून निघून जाईपर्यंत छपाईचे खिळे जुळवत राहायचं, ही तुमची उत्तर द्यायची पद्धत. मी आता पंच्याऐंशी ओलांडली आहे. दमते लवकर, पण निघून जायला मला कुठे जागा नाही, त्यामुळे आज तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल.

झालं असं की माझी नात कॉम्प्युटर शिकवते. पुढच्या महिन्यापासून ती दादरला शनिवारचा एक वर्ग घेणार आहे, अगदी काहीच न येणाऱ्यांसाठी, आणि सरावाला तिला काहीच न येणारं माणूस हवं होतं. "आजी, तुला समजलं ना, की कुणालाही समजेल," असं म्हणाली. हे कौतुक होतं की काय होतं ते मी अजून ठरवलेलं नाही. तुम्ही कॉम्प्युटर पाहिला नाहीत म्हणून सांगते: टाइपरायटरसारखी बटणं असतात आणि कागदाच्या जागी काच. एरवी त्या काचेवर चित्रं असतात, बोट लावलं की काम होतं, तेवढं मला फोनवर येतं. पण हिने उघडली ती नुसती काळी चौकट, आणि तिच्यात एक रेघ लुकलुकत होती. इथे यंत्राला लेखी हुकूम द्यायचा. पहिला हुकूम एको. एको असं लिहायचं, एक जागा सोडायची, पुढे हवा तो मजकूर लिहायचा आणि एंटरचं बटण दाबायचं, की यंत्र तोच मजकूर खालच्या ओळीत छापून दाखवतं. मी 'नमस्कार' लिहिलं, त्याने 'नमस्कार' छापलं. मी विचारलं, "मग ह्यात त्याने केलं काय?" नात म्हणाली, "तू दिलंस ते परत दिलं. स्वतःचं काही घातलं नाही. आधी हेच तर शिकायचंय." तेव्हा मला तुम्ही आठवलात, आणि आठवलात ते असे चांगल्या अर्थाने नाही.

कारण आयुष्यभर तुम्ही हेच केलंत. गिरगावातल्या त्या बोळात, तळमजल्यावरच्या छापखान्यात, दिवसासुद्धा दिवा लावून तुम्ही उभे असायचात आणि लोक आणून देतील तो मजकूर शिशाच्या खिळ्यांत जुळवायचात. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची लोखंडी पट्टी, उजवा हात खिळ्यांच्या खणांवरून न बघता फिरायचा, डोळे समोर टांगलेल्या कॉपीवर. कॉपी म्हणजे गिऱ्हाइकाने हाताने लिहून दिलेला कागद, तुमचा देवच तो. मी मॅट्रिकच्या वर्गात असताना तुमचा जेवणाचा डबा घेऊन आले होते, आणि तुम्ही लावत असलेल्या लग्नपत्रिकेच्या कॉपीत मला दिसलं की तारीख एक आहे आणि वार भलताच. भिंतीवर कॅलेंडर होतं, तुमच्या नाकासमोर. मी दाखवलं. तुम्ही कॅलेंडरकडे बघितलंत, कॉपीकडे बघितलंत, आणि चार माणसांसमोर मला झापलंत: "कॉपी बघून लावूचां, डोक्यान न्हय!" तुम्ही रागावलात की मालवणीत शिरायचात. पत्रिका चुकलेल्या वारासकट छापून गेली. दुसऱ्या दिवशी नवरीचा मामा तणतणत आला, तुम्ही भिंतीवरच्या खिळ्याला खोचलेली त्याची कॉपी काढून त्याच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "अक्षर तुमचंच ना?" तो बिचारा शाईने एकेक वार दुरुस्त करत बसला. मला विचाराल तर ह्याला मी काही मोठा धर्म म्हणत नाही. चूक दिसत असताना गप्प बसायचं आणि वर त्याचा अभिमान बाळगायचा, ह्याला साधा हट्ट म्हणतात.

आजचं यंत्र तर तेवढंही धड करत नाही. दोन शब्दांमध्ये मी ऐसपैस चार-चार जागा सोडल्या, तुम्ही पत्रिकेत सोडायचात तशा, तर त्याने त्या गिळल्या आणि एकेकच ठेवली. नात म्हणते, मजकूर अवतरणचिन्हांत घाल, मग यंत्र त्याला हात लावणार नाही. म्हणजे प्रामाणिकपणा हवा असेल तर तो वेगळा मागून घ्यायचा! शोभेसाठी ओळीच्या दोन्ही टोकांना एकेक तारा टाकला, तर ताऱ्यांच्या जागी त्याने लॅपटॉपमधल्या सगळ्या फायलींची नावं ओकून दाखवली, हिच्या पगाराच्या पत्रापासून कुणाच्या तरी हळदीच्या फोटोंपर्यंत. त्याच्या लेखी ताऱ्याचा अर्थ 'इथलं सगळं' असा होतो म्हणे. मग मी वैतागून आपली जुनी घोषणा लिहिली, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, आणि पुढे दोन उद्गारचिन्हं दिली. त्याने उद्गारचिन्हं काढून टाकली आणि त्याआधी मी जो हुकूम लिहिला होता तो आख्खाच्या आख्खा उचलून तिथे चिकटवला. जोडाक्षरं तर अशी मोडून दाखवतं की तीस वर्षं प्रुफं तपासण्यात घालवलेल्या बाईने बघू नये. नात हसत होती. मला काडीचंही हसू येत नव्हतं.

उद्गारचिन्हांवरून आठवलं. चळवळीच्या त्या वर्षांत तुमच्या छापखान्यात उद्गारचिन्हांचा खण कायम रिकामा. एरवी लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिकांना ती लागतात कशाला, त्यामुळे मालकांनी मोजकीच घेतलेली, आणि आता रोज एक पत्रक, प्रत्येक घोषणेपुढे तीन-तीन. मालक एकदा पत्रक घेऊन आलेल्या माणसाला म्हणाले, "अहो, एकेकावर भागवा की." तो म्हणाला, "शेठ, एकावर मुंबई मिळाली असती तर आम्ही तीन मागितली असती का?" तुम्ही हसलासुद्धा नाहीत. पंचा खांद्यावर टाकून पुढच्या बोळातल्या छापखान्यात गेलात आणि पुड्यात बांधून मूठभर उद्गारचिन्हं मागून आणलीत, कारण कॉपीत तीन होती तर तीनच लागायला हवी होती.

आता मुद्द्यावर येते. फ्लोरा फाउंटनला गोळीबार होऊन गेला होता, आपल्या वाडीतली दोन घरं सुतकात होती आणि सत्याग्रहींच्या तुकड्या एकामागून एक निघत होत्या. बायकांची तुकडी काढायचं आमच्या शाळेच्या बाईंनी मनावर घेतलं. मी तेव्हा अठरा वर्षांची, मॅट्रिक होऊन घरी बसलेली, आणि सभेत बाईंनी "कोण येणार?" म्हटल्यावर सगळ्यांत आधी हात वर केलेला तो माझाच. दुपारी बाई आपल्याकडे, वाडीतल्या खोलीत आल्या, आईने चहा टाकला, आणि पत्रकाचा मजकूर बाईंनी सांगितला तो मी लिहून घेतला. माझं अक्षर वळणदार म्हणून. खाली तुकडीतल्या बारा जणींची नावं, एकीखाली एक. सातवं माझं. म्हणजे कॉपी माझ्या हातची होती, अप्पा, हे लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन छापखान्यात आले तेव्हा तुम्ही ती लावून पूर्ण केली होती. ओलं प्रूफ तुम्ही माझ्यापुढे धरलंत. माझं नाव छापलेलं मी पहिल्यांदा बघत होते. बोट लावलं, शाई बोटाला आली. तुम्ही विचारलंत, "तू जेवलीस?" मी म्हटलं, "जेवेन." तुम्ही म्हणालात, "कालपासून जेवूक नाय तू." मी म्हटलं, "तुमचं काहीतरीच." तुम्ही चष्मा पुसलात.

तिसऱ्या दिवशी सकाळी पत्रकांचे गठ्ठे वाडीत आले. मी वरचं एक ओढून घेते आणि सरळ यादीवर जाते. सहा नावं आहेत, मग एक कोरी ओळ आहे, मग पाच नावं आहेत. दुसऱ्या कुणाला ते कळलंही नसतं, पत्रकात काय, कुठेही जागा सुटते. पण मी जुळाऱ्याची मुलगी. ही जागा सुटलेली नव्हती, केलेली होती. फर्मा, म्हणजे जुळवलेल्या ओळींची चौकट, छपाईच्या यंत्रावर चढवल्यानंतर तुम्ही माझं नाव चिमट्याने उपसून काढलंत आणि तिथे तेवढ्याच मापाचे, छाप न उमटणारे कोरे खिळे बसवलेत. खालची पाच नावं वर सरकवली असतीत तर कुणाला पत्ता लागला नसता, पाच मिनिटांचं काम. तुमच्याइतका नीटनेटका हात गिरगावात नाही असं मालक स्वतः सांगायचे. तरी तुम्ही भोक तसंच ठेवलंत. घाई होती, की मला दिसावं म्हणून ठेवलंत, हे विचारायची सोय तुम्ही ठेवली नाहीत.

त्याच दुपारी मैदानात बाईंनी पत्रक हातात घेऊन एकेक नाव वाचलं, जिचं नाव ती पुढे, कपाळाला कुंकू, गळ्यात हार, मग ओवाळणं. अकरा जणी घोषणा देत फाउंटनच्या दिशेने निघाल्या आणि मी घरी आले. संध्याकाळी तुम्ही आलात. मी पत्रक तुमच्या ताटाशेजारी आपटलं आणि विचारलं, माझं नाव कुठे आहे? तुम्ही भात कालवत होतात. मान वर न करता म्हणालात, "तुजां नाव कॉपीत नव्हतां." कॉपी माझ्या अक्षरातली! प्रूफ तुम्ही स्वतः मला दाखवलेलं! माणसाने खोटं बोलावं, पण इतकं बिनडोक? एवढ्या आयुष्यात बोललेलं एकच खोटं, त्याची तालीमसुद्धा करावीशी वाटली नाही तुम्हाला? आई म्हणाली, "जाऊ दे गं, जेवू दे त्यांना." मी जाऊ दिलं नाही. आठ महिने मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. ताट आदळून ठेवायचे. तुम्ही पेरू आणायचात, मला आवडतात म्हणून, कापून मीठ लावून ठेवायचात, आणि मी ते शेजारच्या मुलींना वाटून टाकायचे, तुमच्या देखत. पुढल्या वेळी तुम्ही परत आणायचात. फक्त एक झालं, ते मला फार उशिरा लक्षात आलं: कॉपी बघून लावायचं, हे तुमचं वाक्य त्यानंतर मी तुमच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. नव्या जुळाऱ्याने काही विचारलं तर म्हणायचात, "बघ बाबा तुका काय वाटतां तां."

पुढे मी प्रुफं तपासायला लागले, तुमचंच काम उलट्या बाजूने. लग्न झालं, मुलं झाली, तुम्ही गेलात. आणि तुम्ही गेल्यावर मी ही गोष्ट सांगायला लागले. महाराष्ट्र दिनाला सोसायटीत कुणी विचारलं, "आजी, तुम्ही होतात का हो चळवळीत?" की मी सुरू. नाव दिलं होतं, तुकडी ठरली होती, पण वडिलांनी यादीतून नाव काढलं. जुन्या वळणाचे होते, घाबरले, मुलगी तुरुंगात गेली तर लग्न कसं होणार. लोक हळहळतात. एकदा शाळेतल्या मुलांपुढे बोलावून माझा सत्कारसुद्धा झाला, न गेलेल्या तुरुंगवासाचा. शाल मिळाली. ती मी घेतली.

आज काय झालं, तर नातीने पुढचा धडा काढला. एखाद्या नावाखाली मजकूर साठवून ठेवायचा आणि एकोला त्या नावाने तो मागायचा. मी माझं नाव साठवलं, आणि मागताना एक अक्षर भलतंच दाबलं. यंत्राने एक कोरी ओळ छापली. चूक झाली असं म्हणालं नाही, कुठलं नाव म्हणून विचारलं नाही, गुपचूप रिकामी ओळ टाकून पुढच्या हुकमाची वाट बघत बसलं. मी भडकले. म्हटलं, हे यंत्र अगदी माझ्या बापासारखं आहे, आणि तुमची गोष्ट सुरू केली. तिने ती पन्नास वेळा ऐकली आहे, पण आज ती शिकवायच्या तंद्रीत होती, एकेक पायरी तपासत होती, आणि मध्येच म्हणाली, "एक मिनिट आजी. कॉपी तू लिहिली होतीस. प्रूफ तू बघितलं होतंस. यादी वाचली तेव्हा तू तिथेच उभी होतीस. मग बाईंना सांगितलं का नाहीस, की माझं नाव राहिलंय?"

मी लॅपटॉप मिटला. म्हटलं, आज पुरे, माझे डोळे दुखतात. ती बिचारी घाबरली, "काय चुकलं का गं माझं?" म्हणाली. मी तिला दुकानातून इसबगोल आणायला पिटाळली आहे. तेवढ्यात हे लिहिते आहे, कागदावर, पेनने.

बाईंनी विचारलं होतं, अप्पा. यादी वाचून झाल्यावर त्यांनी पत्रक उलटसुलट करून बघितलं आणि मला हाक मारली. "अगं, तुझं नाव कसं नाही? तूच तर लिहून घेतलंस." मी म्हटलं, "लिहायचं राहिलं असेल माझ्याकडून." त्या हसल्या. "वेडी गं वेडी. असू दे, ये, उभी राहा हिच्याशेजारी, हार आहे एक जास्तीचा." हार त्यांच्या हातात होता. झेंडूचा. मी दोन पावलं मागे सरले आणि म्हटलं, "नको बाई. जे छापलंय तेच बरोबर. यादीप्रमाणेच होऊ दे." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी तो हार शेवटच्या मुलीच्या गळ्यात दुसरा म्हणून घातला.

तुमची लाज राखायला मी असं बोलले, हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. बापाने नाव काढलं हे चारचौघांत कशाला उघडं पाडा, म्हणून दोष अंगावर घेतला, अशी त्यागाची गोष्ट. तुमच्यावरचा राग खरा वाटावा म्हणून ती लागायची. पण हात वर केला त्या दिवसापासून मी घाबरलेली होते. दोन दिवस मी जेवले नव्हते, ते तुम्ही बरोबर ओळखलं होतंत. लाठीची भीती होती, कोठडीची होती, कोठडीत संडासला आडोसा नसतो असं कुणीतरी सांगितलं होतं त्याची सगळ्यांत जास्त होती. नाव परत घ्यायचं तोंड नव्हतं, कारण हात पहिला माझा होता. मैदानातून घरी येताना मी वाडीच्या तोंडाशी थांबले, कुणी बघत नाही ना ते बघितलं, आणि जिन्याखाली बसून रडले. सुटले म्हणून रडले.

नात आली वाटतं, जिन्यात चपला वाजतायत. हे पत्र मी प्रुफांच्या जुन्या गठ्ठ्यात ठेवून देणार आहे, कुणी ते उघडत नाही. तिला सांगेन की बाईंनी काही विचारलंच नव्हतं. उद्या सांगेन खरं, असं आत्ता लिहिणार होते, पण ते लिहीत नाही. तेवढा धीर मला तेव्हा नव्हता, अप्पा, आणि आजही नाही.